एएनएम आहे म्हणून माझं ऐकलंच जात नाही

रानजाई

मी एएनएम आहे, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. बारावीनंतर दोन वर्षांचा कोर्स, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आणि गेली सहा वर्षं तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात, प्रसूती विभागात. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘ही शिकलेली आहे का?’ हा प्रश्न मला रोज विचारला जातो. तोंडाने नाही, वागण्यातून.

दीड महिना झाला, लिहायचं धाडस होत नव्हतं.

नाइटला मी आणि एक जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी केलेल्या) सिस्टर होतो. सिस्टर लेबर रूममध्ये दुसऱ्या पेशंटजवळ. वॉर्डातल्या सहा बाळंतिणी माझ्याकडे. त्यातल्या बारा नंबरची संध्याकाळी साडेसातला नॉर्मल डिलिव्हरी झालेली, दुसरं बाळंतपण. दहा वाजता नाडी ८८, सगळं व्यवस्थित. साडेअकराला बाळाला अंगावर घ्यायला मदत करावी म्हणून गेले, तर म्हणाली, “सिस्टर, थंडी वाजतेय हो.” हात हातात घेतला तर ओलसर, गार. नाडी मोजली, ११८. बीपी ११०/७०, म्हणजे कागदावर चांगलंच. पण पोटावर हात ठेवला तर गर्भाशयाचा तो टणक गोळा हाताला लागेचना. मळलेल्या कणकेसारखं मऊ. आणि दहा मिनिटांपूर्वी बदललेला पॅड पूर्ण भरलेला.

आरएमओ सरांना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, फोन लावला. “सर, बारा नंबरच्या पेशंटला थंडी वाजतेय म्हणते आणि...”

“कोण बोलतंय?”

नाव सांगितलं.

“एएनएम ना तू? सिस्टरला दे फोन.”

म्हटलं, सिस्टर लेबर रूममध्ये आहेत, तिकडे डोकं दिसायला लागलंय. “मग त्यांचं झालं की त्यांना करायला सांग.” फोन बंद.

हाताला विगो (सलाईनसाठी शिरेत बसवलेली नळी) होता, त्याला सलाईन जोडलं. एका हाताने गर्भाशय चोळत राहिले. मावशींना लेबर रूमकडे पाठवलं, त्या निरोप घेऊन आल्या, “येते म्हणाल्या, दोन मिनिटं.” ती दोन मिनिटं वीस मिनिटांची झाली, कारण तिकडे बाळ बाहेर येत होतं, सिस्टरचाही इलाज नव्हता. त्या आल्या तेव्हा बीपी ८०/५० होतं. त्यांनी फोन केला. सर तीन मिनिटांत वॉर्डात हजर.

पेशंट तीच, वॉर्ड तोच, वाक्यंसुद्धा जवळजवळ तीच.

बाई वाचली. मोठ्या डॉक्टर मॅडम धावत आल्या, इंजेक्शनं झाली, रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. पाचव्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेली. जाताना माझा हात धरून रडली.

सकाळी राउंडला मॅडम नातेवाइकांना म्हणाल्या, “आमच्या सिस्टरच्या वेळेत लक्षात आलं,” आणि दुसऱ्या सिस्टरकडे हात केला. मी ट्रे घेऊन शेजारीच उभी. ते मी सोडून दिलं. पण केसपेपरवर मी ११.३५ ची नोंद केली होती, नाडी, बीपी, आरएमओंना फोन केला, असं सगळं. ती बघून इन्चार्ज म्हणाल्या, “एवढं लिहायची काही गरज नव्हती.” ते मात्र डोक्यातून जात नाही. माझं कौतुक राहिलं तर राहिलं, पण ती वीस मिनिटं त्या बाईच्या अंगातून गेली.

तुमच्याकडे असं होतं तेव्हा नेमकं काय बोलता ते सांगा. ‘दुर्लक्ष कर’ एवढं सांगू नका. सहा वर्षं तेच केलंय.


चाफा

वाचून अंगावर काटा आला. नोंद केलीत हे फार बरं केलंत. इन्चार्ज म्हणाल्या म्हणून ती खोडली तर नाहीत ना?


रानजाई

नाही खोडली. सही करून ठेवलीय.


सातवा_मजला

मी जीएनएम, चौदा वर्षं झाली. माझं बोलणं थोडं कडू लागेल, तरी बोलते.

एएनएमचा कोर्स मुळात गावपातळीच्या कामासाठी आखलेला आहे. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, साधी बाळंतपणं, कुटुंब नियोजन. दीड वर्ष शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. आमचा जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी चार वर्षांचं. आयसीयू, ऑपरेशननंतरचा पेशंट, शिरेतून द्यायची धोक्याची औषधं हे आम्ही ज्या खोलीने शिकतो ते तुमच्या अभ्यासक्रमात नाही. हा फरक खरा आहे. ‘सगळे सारखेच’ म्हणून तो झाकला तर त्रास पेशंटलाच होतो.

पण वॉर्डात होतं काय ते सांगते. मालक चार एएनएम आणि एक जीएनएम ठेवतात, कारण स्वस्त पडतं. कामाला तुम्ही ‘स्टाफ’, पगाराला ‘एएनएम’. काही चुकलं तर जबाबदारी त्या एका जीएनएमच्या गळ्यात. तिची रात्र दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जाते, आणि तो सगळा ताण ‘तुला काय कळतंय’ होऊन खालच्या मुलीवर निघतो. मीही म्हटलंय असं. दोनदा तर पेशंटसमोर. राग मालकावर होता, तोंडातून बाहेर पडला एका पोरीवर. तिने त्यानंतर मला कधी काही विचारलं नाही. ड्यूटीवर काही विचारायचं असलं की फोन काढून बघायची. हे कळलं तेव्हा मी घाबरले होते, आजही आठवलं की वाईट वाटतं.

पगाराचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती, खाजगी हॉस्पिटलातल्या परिचारिकांसाठी. पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना किमान २०,००० आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, अशी शिफारस होती. शिफारस कागदावर आहे. तुमच्या हातात किती पडतात ते विचारत नाही.

तुमच्या आरएमओंचं मात्र चुकलंच. नाडी मोजायला आणि पोट चाचपायला डिग्रीची उंची लागत नाही.


रानजाई

सिस्टर, कडू नाही लागलं. जे मला येत नाही ते मी करत नाही, विचारते. माझं म्हणणं एवढंच आहे की मी जे बघितलं ते तरी ऐका. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आणि हो, ती फोनमध्ये बघणारी मुलगी मीही आहे. विचारलं की आधी चेहरा बघावा लागतो, मग उत्तर. म्हणून विचारणंच सोडलं.


मुक्काम_पोस्ट

जीएनएम करून टाका ना ताई, प्रश्नच मिटेल. नोंदणी असलेल्या एएनएमना जीएनएमला प्रवेश मिळतो, बारावी कुठल्याही शाखेतून झालेली असली तरी. माझ्या वहिनीने असंच केलं.


रानजाई

माहीत आहे. तीन वर्षं पगार बंद ठेवायची सोय माझ्या घरी नाही. आणि मी गेले तरी त्या वॉर्डात उद्या दुसरी एएनएम येणार, फोन तिलाही करावा लागणार.


पारावरची_मावशी

बाळ, मी बत्तीस वर्षं काढली जिल्हा परिषदेत. आधी उपकेंद्रावर एएनएम, शेवटची नऊ वर्षं एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर), म्हणजे सहा उपकेंद्रांच्या मुली माझ्या हाताखाली. आता निवृत्त. डोळे दुखतात म्हणून नातीला सांगून लिहून घेते आहे.

आमची नावं किती वेळा बदलली. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सांगितलं की एएनएमला महिला आरोग्य कर्मचारी म्हणा. कागदावर आरोग्य सेविका झालो. गावात मात्र नर्सबाईच. पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजाराला. तेवढ्या सगळ्यांची एक नर्सबाई. गावाने मला कधी कमी लेखलं नाही. कमी लेखलं ते जीपमधून येणाऱ्यांनी. वयाने माझ्या मुलाएवढा डॉक्टर येऊन खुर्चीवर बसायचा आणि “ए, रजिस्टर आण” म्हणायचा.

तुला एक गोष्ट सांगते. आठव्या महिन्यातली बाई, घरचे बैलगाडीतून घेऊन आले. डोकं ठणकतंय, डोळ्यापुढे अंधारी. बीपी १७०/११०. तपासतेय तोवर झटका आला. माझ्याकडे मॅग्नेशियम सल्फेट होतं, झटक्यावरचं औषध. एका कुल्ल्यात पाच ग्रॅम, दुसऱ्यात पाच ग्रॅम, खोल स्नायूत. एका अँप्युलमध्ये एकच ग्रॅम असतं, म्हणजे दहा अँप्युल फोडायच्या. हात थरथरत असताना दहा काचा फोडून बघ म्हणजे कळेल. एक फुटली वेडीवाकडी, बोट कापलं, रुमाल गुंडाळून पुढचं केलं. गाडी बोलावली, चिठ्ठी लिहिली, वेळ, डोस, बीपी, आणि तिच्यासोबत गेले.

मोठ्या दवाखान्यात तिथले डॉक्टर माझ्यावरच ओरडले. “एएनएमने दिलं? कुणाला विचारून दिलं?” मी पिशवीतून पुस्तिका काढली. सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना, आमच्या एकवीस दिवसांच्या प्रशिक्षणात मिळालेल्या. पान दुमडूनच ठेवलं होतं. पाठवण्याआधीचा पहिला डोस एएनएमने द्यायचा, असं त्यात छापलेलं आहे. त्यांनी वाचलं, पुस्तिका परत दिली आणि काहीएक न बोलता पेशंटकडे वळले. माफी कुणी मागितली नाही. मला नकोही होती. पण पुढच्या वेळी मी पेशंट घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी माझी चिठ्ठी वाचली.

आपल्याला काय करायची परवानगी आहे, ते कुठल्या कागदावर, कितव्या पानावर, हे पाठ ठेव. आवाज चढवून आमच्यासारख्यांचं कुणी ऐकत नाही. पान दाखवलं की गप्प बसतात.

माझ्या हाताखालच्या मुलींनाही मी हेच शिकवलं. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, द्यायला बसली की विचारायचे, किती? एक महिन्याच्या आतलं बाळ असेल तर ०.०५ मिली, डाव्या दंडावर, कातडीतच. सुई बरोबर गेली तर मसुराएवढा पांढरट फुगवटा येतो. तो आला नाही तर सुई खोल गेली समज. वरून बघणाऱ्याला वाटतं सुई टोचण्यात काय मोठंसं, पण तो फुगवटा कातडीवर उठवायला दोनशे बाळं लागतात.

आता उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आलेत. बरेचजण आयुर्वेदाचे डॉक्टर. चांगली मुलं आहेत. पण माझी एक मुलगी सांगते, मीटिंगमध्ये खुर्च्या कमी पडल्या की उठायला एएनएमलाच सांगतात. उठू नकोस म्हटलं तिला. जाऊन अजून एक खुर्ची घेऊन ये म्हणावं.


एक_नातेवाईक

मी यातला नाही, पण वाचून राहवलं नाही. वडील अ‍ॅडमिट होते तेव्हा रात्री एक सिस्टर सलाईन बदलायला आली. मी तिला म्हणालो, “तुम्ही ज्युनियर ना? मोठ्या सिस्टरना पाठवा.” मला कार्डावरचं ‘एएनएम’ दिसलं होतं, त्याचा अर्थही माहीत नव्हता. फक्त कुणीतरी खालचं असतं एवढं ठाऊक होतं. ती काही न बोलता गेली आणि मोठ्या सिस्टर यायला पाऊण तास लागला. तोवर बाटली संपून नळीत रक्त चढलं होतं. वडिलांचा हात सुजला, विगो दुसऱ्या हाताला लावावा लागला. त्यांना टोचून घ्यायची फार भीती वाटायची. त्या मुलीचं नाव मी वाचलंच नव्हतं.


डॉ_साधा

स्त्रीरोग विभागात काम करतो. रानजाई, तुमचे आकडे पुन्हा वाचले. नाडी ११८, बीपी वरचं ११०. नाडीला वरच्या बीपीने भागा, एकच्या पुढे जातं. प्रसूतीनंतर हा भागाकार ०.९ च्या वर गेला की आम्ही सावध होतो. तरुण बाईचं शरीर बीपी बराच वेळ धरून ठेवतं, रक्त जात असलं तरी. आधी नाडी धावते, बीपी कोसळतं ते शेवटी. म्हणजे तुम्ही फोन केला तेव्हा पेशंट बिघडलेली होती, फक्त बीपीच्या रकान्यात ते दिसत नव्हतं. तुमच्या हाताला दिसलं. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. आमच्याकडे शिकाऊ डॉक्टरांना हेच शिकवायला वर्ष जातं.

आता आमच्या बाजूचं. मी रेसिडेंट असताना एका रात्रीत तीस-चाळीस फोन यायचे. अर्धवट झोपेत मेंदू ‘कोण बोलतंय’ यावरून ठरवतो की उठायचं का. हे चूक आहे आणि मीही केलंय. एकदा आयाबाईंनी सांगितलेलं ऐकलं नाही, त्याची किंमत एका बाळाने मोजली. त्याबद्दल इथे जास्त लिहू शकत नाही.

म्हणून फोनवर पहिलं वाक्य असं बोला की झोपेतला माणूस उठून बसला पाहिजे. ‘थंडी वाजतेय म्हणते’ हे खरं असलं तरी त्याने सुरुवात नको. “सर, बारा नंबर, डिलिव्हरी होऊन चार तास. दहा मिनिटांत पॅड भरला, गर्भाशय मऊ, नाडी ८८ वरून ११८. रक्तस्राव होतोय, तुम्ही आत्ता यायला हवं.” नाव शेवटी. आणि ‘सिस्टरला दे’ म्हणाले तर शांतपणे, “सर, पेशंटजवळ मीच आहे. तुम्ही येत नसाल तर मी मॅडमना थेट फोन लावते आणि वेळ लिहून ठेवते.” धमकीच्या सुरात नको, माहिती द्यावी तसं.

याने त्यांची वृत्ती बदलेल असं मी म्हणत नाही. ते एक वाक्य बदलण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकावी लागते हेही मला बरं वाटत नाही, कारण चूक तुमची नव्हतीच. पण पेशंटला त्या रात्रीच डॉक्टर हवा असतो.

आमच्या विभागात आम्ही एक नियम केला. पेशंटला ज्याने तपासलं त्यानेच फोन करायचा, मग तो कुणीही असो. दुसऱ्याकडे फोन द्यायला सांगायचं नाही. पहिले काही महिने कुरकूर झाली. आता नवीन येणाऱ्यांना वाटतं की हे असंच असतं.


सातवा_मजला

डॉक्टर, हा नियम लेखी आहे की तोंडी?


डॉ_साधा

लेखी. फोनच्या वर चिकटवलेला. तोंडी नियम रात्री दोननंतर टिकत नाही.


कोरा_कागद

पुरुष एएनएम नसतात म्हणून आमचे ब्रदर लोक यातून सुटतात असं वाटतं का कुणाला? मी जीएनएम ब्रदर आहे. मला पेशंट ‘डॉक्टर’ म्हणतात आणि माझ्याहून दहा वर्षं जुन्या एएनएमना ‘ए बाई’. मी दर वेळी दुरुस्त करतो, “या सिस्टर आहेत, मला यांनीच इंजेक्शन धरायला शिकवलं.” खरंच शिकवलंय. आमच्यासारख्यांनी हे एवढं मोठ्याने म्हणायला काही लागत नाही.


चाफा

पारावरची मावशी, नातीला सांगा अजून लिहून घ्यायला. आणि १९७३ साली सुरू झालेले राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार एएनएम आणि एलएचव्हींनाही मिळतात. तुमच्या जिल्ह्यातून तुमचं नाव कुणी पाठवलं होतं की नाही?


पारावरची_मावशी

नाही गं. अर्ज भरायचा असतो त्याला, आणि वरच्यांची शिफारस. राहू दे ते. रानजाई, पुढे काय केलंस ते लिही.


रानजाई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाला.

डॉक्टरांचं वाक्य मी वहीत लिहिलं आणि घरी मोठ्याने म्हणून पाहिलं. नवऱ्याला वाटलं कुणाशी भांडतेय. मग केसपेपरची ती नोंद आणि मावशींचा सल्ला घेऊन मेट्रनकडे गेले, एकटी नाही, बाकीच्या तीन एएनएमना घेऊन. इन्चार्जना आधी सांगितलं की जाते आहे, पाठीमागून नको म्हणून. त्यांना आवडलं नाही, पण अडवलं नाही.

दोन गोष्टी मागितल्या. एक, सकाळचा ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीला पेशंटची माहिती सांगताना, ज्या एएनएमने रात्र काढली तिनेही आपल्या पेशंटचं बोलायचं. आजवर आम्ही भिंतीला टेकून उभ्या असायचो आणि आमच्या पेशंटचं दुसरंच कुणी सांगायचं. दोन, फोनचा तो नियम, लेखी.

ओव्हरचं मेट्रननी लगेच मान्य केलं. फोनचं ‘डॉक्टरांशी बोलते’ म्हणाल्या, त्याला बारा दिवस लागले. मॅडमनी त्या रात्रीचा केसपेपर मागवून घेतला आणि स्वतः वाचला असं कळलं. मला बोलावलं नाही. पण आता नर्सिंग स्टेशनच्या फोनवर एक कागद आहे, ‘पेशंट तपासणाऱ्याने स्वतः कळवावे’. मॅडमची सही आहे खाली. कार्डावरच्या ठळक ‘एएनएम’चं काही झालं नाही, ते मी मागितलंही नव्हतं. जी आहे ती आहे.

पहिल्या दिवशी ओव्हर देताना माझा आवाज इतका बारीक आला की सिस्टर म्हणाल्या, “जरा मोठ्याने.” मागच्या वर्षी हेच शब्द मला टोचले असते. त्यांना खरंच ऐकायचं होतं. तिसऱ्या दिवसापासून त्या माझ्या पेशंटचे प्रश्न मलाच विचारतात.

आरएमओ सर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. काल रात्री चार नंबरला ताप चढला, सिझेरियनचा तिसरा दिवस, टाक्याच्या एका बाजूला लाली. फोन केला. आकडे सांगितले, नाव शेवटी. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं ठेवला.

मग म्हणाले, “संध्याकाळी किती होता ताप?”

सांगितलं.

“लाली किती, बोटाएवढी का हाताएवढी?”

“दोन बोटं, सर. सहाला एक होती. मी पेनने कडेने रेघ मारून ठेवलीय.”

“येतो,” म्हणाले.